या चुका टाळा: प्रथम वर्षाच्या अवकलनात विद्यार्थी कोठे अडतात

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी. प्रथम वर्षाला गणित शिकवताना दरवर्षी एक गोष्ट नजरेस येते. ज्या मुलामुलींना अवकलनाची सगळी सूत्रे तोंडपाठ असतात, त्यांचीही उदाहरणे चुकतात, आणि ती सूत्र विसरल्यामुळे चुकत नाहीत. समोरच्या राशींपैकी कोणती बदलते आहे आणि कशामुळे बदलते आहे, हे ठरण्याआधीच हात चालू लागतो, म्हणून ती चुकतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी पुस्तक हाती आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण प्रश्नातील वाक्य न वाचता त्यातील चिन्हे तेवढी उचलण्याची सवय त्याला नाइलाजाने लागलेली असते. पुढे एक्स या चलाला क्ष आणि वायला य म्हटले आहे. अवकलज म्हणजे वर्गात आपण ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतो तेच: एक राशी बदलली तर दुसरी किती वेगाने बदलते, ते. ते काढणे म्हणजे अवकलन.

कशाच्या सापेक्ष?

‘विथ रिस्पेक्ट टू’ हे तीन शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. शंभर मीटर बाजूचा चौरस, म्हणजे बरोबर एक हेक्टर शेत, डोळ्यांसमोर आणा. त्याच्या क्षेत्रफळाचे बाजूच्या सापेक्ष अवकलज बाजूच्या दुप्पट, म्हणजे २०० येते. त्याच क्षेत्रफळाचे परिमितीच्या सापेक्ष अवकलज काढले तर ते परिमितीच्या एकअष्टमांश, म्हणजे ५० येते. शेत तेच असून दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. बाजू एक मीटरने वाढली तर शेत सुमारे २०० चौरस मीटरने वाढते, आणि चौरसाचा आकार राखून चारही बाजू मिळून कुंपण एक मीटरने वाढले तर शेत सुमारे ५० चौरस मीटरने वाढते. म्हणून उदाहरण सोडवण्यापूर्वी ‘अमुक बदलले तर तमुक किती वेगाने बदलते?’ असे वाक्य आपल्या बोलीत वहीच्या समासात लिहावे. ते वऱ्हाडीत लिहिले तरी चालते. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असली तरी विचारही इंग्रजीतच केला पाहिजे असे कोठेही ठरलेले नाही.

सीमा आणि किंमत

‘सर, झिरो बाय झिरो म्हणजे झिरोच न जी?’ हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी न विचारणाऱ्यांपेक्षा पुढे असतो. क्षच्या वर्गातून ९ वजा करून त्याला क्ष वजा ३ ने भागले, तर क्ष बरोबर ३ असताना त्या फलनाला (फंक्शनला) किंमतच नाही. सीमा (लिमिट), म्हणजे क्ष ३ च्या जवळ जाताना फलन ज्या किमतीच्या जवळ जाते ती, मात्र ६ आहे, कारण क्ष ३ च्या कितीही जवळ असला तरी तो ३ नसतो आणि त्यामुळे वरचा व खालचा समान अवयव काढून टाकण्याचा आपल्याला अधिकार असतो. हा अधिकार कोठून आला ते न कळता अवयव खोडणारा विद्यार्थी पुढे जेथे तो अधिकार नसतो तेथेही खोडतो. याच कारणासाठी ‘लिमिट’ हे चिन्ह प्रत्येक ओळीत लिहिले पाहिजे. ते मध्येच गळले की जे दोन राशींचे समीकरण नाही ते समीकरण म्हणून कागदावर उतरते, आणि पुढची प्रत्येक ओळ खोटी ठरते.

सीमेच्या एप्सिलॉन आणि डेल्टाच्या व्याख्येत बहुतेकांचा क्रम उलटा होतो. डेल्टा आधी घेऊन मग त्याला जुळणारा एप्सिलॉन शोधला जातो. येथे पुन्हा ते एक हेक्टर शेत घेऊ. मालक म्हणतो, ‘क्षेत्रफळात ५० चौरस मीटरपेक्षा जास्त चूक मला चालणार नाही.’ हा एप्सिलॉन झाला, आणि तो मालकाने ठरवला. आता बाजू मोजताना किती चूक परवडेल, हे मोजणाऱ्याला ठरवायचे आहे; तो डेल्टा. २५ सेंटिमीटर चूक धरली तर क्षेत्रफळातील फरक ५०.०६२५ चौरस मीटर होतो, म्हणजे थोडक्यात हुकते. २४ सेंटिमीटर धरली तर फरक ४८.०५७६ होतो आणि काम भागते. मालकाने उद्या ५ चौरस मीटरचा हट्ट धरला तरी मोजणाऱ्याला त्याला पुरेल असा डेल्टा देता आला पाहिजे, आणि परवा त्याहून लहान मागितला तरीही. मागणी आधी आणि पुरवठा नंतर, एवढा क्रम मनात पक्का बसला की व्याख्येतील ‘प्रत्येक’ आणि ‘अस्तित्वात आहे’ हे शब्द आपापल्या जागी येतात. याच आकडेमोडीत बाजूतील चूक सुमारे २०० पटीने क्षेत्रफळात उतरते, आणि हे २०० म्हणजे मघाचेच अवकलज आहे.

गुणाकार, साखळी आणि घात

दोन फलनांच्या गुणाकाराचे अवकलज म्हणजे त्यांच्या अवकलजांचा गुणाकार, ही चूक विद्यार्थ्याला वाटते तितकी लाजिरवाणी नाही. कलनशास्त्राचा एक जनक असलेल्या लाइब्निझने १६७५ मधील आपल्या टिपणांत हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, उदाहरण घालून तपासला होता आणि उत्तर ‘नाही’ असे काढले होते. बरोबर नियम त्याने १६८४ च्या लेखात प्रसिद्ध केला. तपासणी आपणही करू शकतो: क्ष गुणिले क्ष याला चुकीचा नियम लावला तर १ येते, खरे उत्तर क्षची दुप्पट आहे. नियमाचे कारण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून दिसते. १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद शेताचे दोन लगतचे धुरे एकेक मीटर बाहेर सरकवले, तर एका बाजूला १०० चौरस मीटरचा पट्टा वाढतो, दुसऱ्या बाजूला ६० चा, आणि कोपऱ्यात फक्त १ चौरस मीटरचा तुकडा येतो. धुरे जितके कमी सरकवू तितका हा कोपरा पट्ट्यांच्या मानाने नगण्य होतो. चुकीचा नियम वापरणारा नेमका तो कोपरा धरून ठेवतो आणि दोन्ही पट्टे सोडून देतो.

एका फलनाच्या आत दुसरे फलन असते तेव्हा लागणाऱ्या साखळी नियमात (चेन रूल) आतल्या फलनाचे अवकलज विसरणे ही सर्वांत जास्त गुण घालवणारी चूक आहे. साइन आणि मग वर्ग, की वर्ग आणि मग साइन, हे आधी ठरवावे. त्यासाठी क्षची किंमत हातात देऊन कॅल्क्युलेटरवर बटणे कोणत्या क्रमाने दाबाल ते सांगा, असे मी म्हणतो. शेवटचे बटण म्हणजे बाहेरचे फलन; अवकलन तेथून सुरू करून आत यायचे.

घाताचा नियम चल पायात (बेसमध्ये) असेल आणि घात ठरीव असेल तेव्हाच चालतो. क्षचा वर्ग आणि २ चा क्षवा घात यांत चल कोठे बसला आहे ते पाहा. क्षचा क्षवा घात असेल तर दोन्ही नियम अपुरे पडतात, आणि आधी लॉगरिदम घ्यावा लागतो.

किंमत केव्हा घालायची

संबंधित दरांच्या (रिलेटेड रेट्स) उदाहरणांत एक चूक हमखास होते, आणि ती समजण्यासाठी शेततळे पुरेसे आहे. तळाची बाजू १० मीटर असलेले चौरस शेततळे घ्या, ज्याच्या उतारामुळे पाणी एक मीटर चढले की पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू ३ मीटरने वाढते. पंप ताशी २० घनमीटर पाणी टाकतो. पाणी २ मीटर खोल असताना पातळी किती वेगाने चढते? घाईने खोलीच्या जागी २ घातले की घनफळ हा एक ठरीव आकडा होतो, त्याचे अवकलज शून्य येते, आणि विद्यार्थी गोंधळून ‘पाणी चढत नाही’ असे लिहून मोकळा होतो. खोली बदलती ठेवली तर घनफळ वाढण्याचा वेग म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले पातळी चढण्याचा वेग. तळे रिकामे असताना पृष्ठभाग १०० चौरस मीटर, म्हणून पातळी ताशी २० सेंटिमीटर चढू लागते. २ मीटर खोलीला बाजू १६ मीटर आणि पृष्ठभाग २५६ चौरस मीटर, म्हणून वेग ताशी ७.८ सेंटिमीटरच्या आसपास. ज्याने शेततळे भरताना पाहिले आहे त्याला वेग असाच मंदावतो हे ठाऊक असते. आधी अवकलन करावे, किंमत शेवटी घालावी.

महत्तम आणि लघुतम

अवकलज शून्य मिळाले की महत्तम किंवा लघुतम मिळाले असे नाही. क्षच्या घनाचे अवकलज शून्यापाशी शून्यच आहे, पण फलन तेथून चढतच जाते. उलट क्षच्या केवलमूल्याला (मॉड्युलसला) शून्यापाशी अवकलजच नाही आणि लघुतम तेथेच आहे. बंद अंतरालावर (क्लोज्ड इंटर्व्हल) दोन्ही टोके तपासायची राहून जातात. तेही गुण सहज हातचे जातात.

उत्तराची पडताळणी

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसला तरी घरी अभ्यास करताना प्रत्येक उत्तर आकड्यांनी पडताळता येते. क्षच्या वर्गाच्या साइनचे अवकलज क्ष बरोबर १ असताना हवे आहे. १.००१ घालून येणाऱ्या किमतीतून १ घालून येणारी किंमत वजा करा आणि ०.००१ ने भागा. सुमारे १.०८ येते. साखळी नियमाने २ गुणिले कोसाइन १, म्हणजे तेच. तुमच्या वहीत ०.५४ असेल तर आतल्या वर्गाचे अवकलज गळले आहे. आणि कॅल्क्युलेटरवरच ०.०३५ च्या आसपास आकडा दिसला, तर चूक तुमच्या अवकलनात नसून यंत्र अंशांवर लावलेले आहे. साइनचे अवकलज कोसाइन येते ते कोन रेडियनमध्ये असतानाच. यंत्र कशावर आहे याची शंका आली की साइन ०.१ काढून ०.१ ने भागा: १ च्या अगदी जवळचा आकडा आला तर ते रेडियनवर आहे, ०.०१७४५ आला तर अंशांवर.