जुन्या मोटारसायकलच्या सांगाड्यात इंजिन पुन्हा बसवताना

सांगाडा रंगवून झाल्यावर जवळपास ४० किलोचे इंजिन एकट्याने उचलून त्यात बसवण्याचा माझा पहिला प्रयत्न फसला आणि खालच्या नळीवरचा नवा रंग बोटभर खरवडला गेला. मग मी उलट मार्ग धरला: इंजिन जाड गादीवर कुशीवर आडवे ठेवले, सांगाड्याच्या नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली आणि हलका असलेला सांगाडाच त्यावर अलगद उतरवून, पुढचा बोल्ट सैल अडकवल्यावर, दोघांनी मिळून सगळे उभे केले.

खरी अडचण मागच्या शेवटच्या बोल्टने केली. विजेरीच्या उजेडात भोकात चंद्रकोरीसारखी फट दिसत होती, म्हणजे इंजिन जेमतेम २ मिलिमीटर खाली राहिले होते. अशा वेळी हातोडीकडे हात जातो, पण ठोकलेल्या बोल्टचे आटे जातात. म्हणून लाकडी ठोकळा मध्ये घालून जॅकने इंजिन किंचित उचलले आणि बोल्ट बोटांनीच आत सरकला. सगळे बोल्ट जागेवर येईपर्यंत एकही आवळू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

गाडी मात्र लगेच सुरू झाली नाही, कारण अर्थची तार मी नव्या रंगावरच बसवली होती आणि रंगातून वीज जात नाही. तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, तेव्हा प्लगवर निळी ठिणगी दिसली आणि तिसऱ्या किकला इंजिन धडधडू लागले. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासले. दोन थोडे सैल झाले होते.