तालुक्याच्या गावी प्लॉट घेताना: आधी कागद, मग फुटाचा भाव

दलाल प्लॉट दाखवायला निघाला की वाटेतच फुटाचा भाव सांगून टाकतो. तुम्ही त्याच्याकडे आधी मौजा (महसुली गाव) आणि गट नंबर मागा. नागपूरकडच्या भागात खसरा नंबर म्हणतात. विदर्भातल्या छोट्या गावात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या भावात मोठी तफावत दिसते, आणि ती बहुतेक वेळा जागेची नसते, कागदाची असते. स्वस्त तुकडा स्वस्त का आहे, याचं उत्तर अनेकदा सातबाऱ्यावरच लिहिलेलं सापडतं.

सातबारा कुठे वाचायचा

महाभूलेखच्या संकेतस्थळावर साधा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, तोच काढा. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक अजून पटवारीच म्हणतात. त्याच्याकडे जाण्याआधी तीन जागा स्वतः पाहून घ्या.

पहिली जागा भूधारणा पद्धतीची. 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर पुढे वाचा. 'वर्ग-२' असेल तर थांबा: शासनाने दिलेली, सिलिंगमध्ये (कमाल जमीनधारणा कायद्यात) निघालेली किंवा भूदानाची जमीन या वर्गात असते, आणि ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. 'परवानगी नंतर काढून देतो' असं म्हणणाऱ्याला परवानगी आल्यावरच इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) द्यायचा. भूदान चळवळीच्या विनोबांचं पवनार आपल्याच वर्धा जिल्ह्यातलं, त्यामुळे भूदानाचे पट्टे विदर्भात ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांतल्या काहींवर आज ले-आउटच्या कमानी उभ्या दिसतात.

दुसरी जागा 'इतर अधिकार'. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज बोजा म्हणून इथे दिसतं. कर्ज फिटलंय असं विकणारा सांगेल. बँकेचा निरंक दाखला आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद), दोन्ही हवेत. भूसंपादनाची नोंदही इथेच शोधा. खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ लागतं. बिगर-आदिवासीच्या नावे व्यवहार करायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, नाहीतर पैसे जातात आणि जमीनही परत जाते. पूर्व विदर्भात आणखी एक शब्द डोळ्यांत तेल घालून शोधायचा, 'झुडपी जंगल'. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानल्या आहेत.

तिसरी जागा फेरफार क्रमांकांची, आणि सगळ्यात जास्त सौदे इथेच फसतात. मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढा आणि वारसाची नोंद आली की माणसं मोजा. बाप वारला, तीन भावांची नावं चढली, पण बहिणी? हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का? कोऱ्या कागदावरची सही किंवा 'ताई काही म्हणणार नाही' हे पुरत नाही. ताई काही म्हणत नाही, पुढे भाचा म्हणतो. बहिणी हयात असतील तर त्यांना खरेदीखतात मान्यता देणार म्हणून घ्या. सगळ्यात साधा उपाय तोच.

ले-आउट आहे की नुसता चुना

शेतात चुन्याच्या रेषा मारल्या, सिमेंटचे खांब रोवले म्हणजे ले-आउट होत नाही. अकृषक (बिगरशेती वापराच्या) आदेशाचा क्रमांक मागा आणि मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची प्रत मागा. नियोजन क्षेत्रात मोठं ले-आउट असेल तर महारेराचा (गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही लागतो. मग आपला प्लॉट रंगीत पत्रकावर नाही, मंजूर नकाशावर शोधा. ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. पत्रकावर त्याच जागेचे दोन-तीन 'कॉर्नरचे' प्लॉट पाडलेले सापडतात, आणि कोपऱ्याचा म्हणून भाव वर चढवून ते आधी खपतात.

अकृषक नसलेल्या शेतातून दीड-दोन गुंठे देणाऱ्यांची एक ठरलेली तऱ्हा आहे: दहा जणांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत. सातबाऱ्यावर दहा नावं येतात, पण कोणाचा तुकडा कुठला हे कुठेच लिहिलेलं नसतं. घराला कर्ज मिळत नाही, विकताना बाकी नऊ जणांच्या सह्या लागतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या प्रत्येक मौजाला सारख्या लागू नाहीत. दलालाच्या तोंडी भरवशावर राहू नका, तहसीलमधून लेखी घ्या.

जुन्या वस्तीतलं घर घ्यायचं असेल तर 'नमुना आठ'चा घोळ होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद, पटवाऱ्याचा ८-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनीची नोंद. दोन्ही वेगळे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुन्याने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. जिथे स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली, तिथे सनद मागा.

टेप घेऊन जागेवर

सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, दलाल गुंठ्यांत. १ गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, १ आर १,०७६ चा. २० आरला २० गुंठे धरले की सुमारे २५० फूट हवेत जातात.

३० बाय ५० चा प्लॉट असेल तर चारही बाजू मोजाच, पण दोन्ही कर्णही मोजा. काटकोनात असेल तर प्रत्येक कर्ण ५८ फूट ४ इंचांच्या आसपास येतो. एक ५६ आणि दुसरा साडेसाठ आला तर प्लॉट तिरका आहे. क्षेत्र फारसं घटत नाही, पण सरळ घर बसवताना बाजूची जागा वाया जाते. १,५०० चौरस फूट म्हणजे १३९.३५ चौरस मीटर. खरेदीखतात हाच आकडा यायला हवा.

मग माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्यातच थांबला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरक्या भेगा जातात. मे महिन्यात जमिनीच्या भेगेत हात जात असेल तर समजून घ्या. शेजारच्या घरवाल्याला विचारा, मुरूम किती फुटांवर लागला. चार फुटांवर आणि नऊ फुटांवर लागणाऱ्या मुरुमात पायाच्या खर्चाचा जो फरक पडतो, तो प्लॉटच्या भावातून वजा करून मागा. उन्हाळ्यात पसंत पडलेला प्लॉट जुलैत एकदा परत पाहा. नाल्याचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याच्या भिंतीवरच्या ओलीवरून कळतं. जायचा रस्ता पांदण (शेतरस्ता) असेल तर ती गावनकाशावर आहे ना ते बघा. धुऱ्यावरून (बांधावरून) दिलेली वाट देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

भाव कसा ठरवायचा

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर दिसतात, आणि जवळपासच्या रजिस्ट्रीच्या सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) सुद्धा. सूचीतला आकडा बऱ्याचदा सरकारी दराला चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला तळ समजा. खरा भाव गेल्या वर्षभरात त्याच रस्त्यावर घेतलेल्या दोघांना विचारून कळतो, विकायला बसलेल्यांना विचारून नाही.

हंगामही बघा. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, तेव्हा घेणारे वाढतात. मार्चअखेर कर्जाचं नवं-जुनं आणि जूनच्या पेरणीआधी बी-खताची सोय, या दिवसांत विकणारा बोलायला तयार असतो. समृद्धी महामार्गाच्या नावाने भाव सांगितला तर नेमकं इंटरचेंज किती किलोमीटरवर आहे ते गाडीने मोजा. त्या रस्त्यावर मधूनच चढता येत नाही, त्यामुळे शेताला लागून महामार्ग गेला तरी प्लॉटला त्याचा उपयोग शून्य.

इसार, रजिस्ट्री, फेरफार

इसार चेकने द्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. स्टँपवर मुदत लिहा, बोजा कोण फेडणार आणि मोजणी कोण करणार ते लिहा, आणि कागदात दोष निघाला तर इसार किती दिवसांत परत, हेही. नोटरी केलेल्या इसाराने प्लॉट तुमचा होत नाही. रजिस्ट्रीआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि खरेदीखतातली चतुःसीमा तिच्याशी जुळवा.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. दोन साक्षीदार लागतात.

रजिस्ट्री झाली की बहुतेक जण पेढे वाटून मोकळे होतात. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात, त्यानंतर नोंद प्रमाणित झाली का ते पाहा. नवा सातबारा काढून नावाची वेलांटी आणि क्षेत्राचा दशांश तपासा. लेखनाची चूक असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज लगेच टाका, कारण पुढच्या विक्रीवेळी ती चूक तुमच्या नावावर असते.