रोमच्या आरंभावर लिहिताय? या चुका टाळा

सर्वात जास्त घोळ होतो तो सनावळीत. इ.स.पू. 753 हे 'रोमच्या स्थापनेचं साल' म्हणून बेधडक लिहिलं जातं. ते रूढ झालं वॅरो या रोमन विद्वानाच्या गणनेमुळे, आणि वॅरो इ.स.पू. पहिल्या शतकातला. पॅलाटाइन टेकडीवर झोपड्यांच्या खांबांसाठी खडकात कोरलेले खळगे इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचे आहेत, हे खरं. पण शेजारच्या कॅपिटोलाइन टेकडीवर कांस्ययुगातच वस्ती होती. तेव्हा 753 लिहा, फक्त आधी 'परंपरेनुसार' घाला.

रोमन संवत (स्थापनेपासून मोजलेलं वर्ष) काढताना 754 मधून इ.स.पू. वर्ष वजा करा, कारण 753 हेच वर्ष पहिलं. म्हणजे 509 साठी 245. इसवी सनासाठी मात्र 753 मिळवायचे.

गॉल लोकांनी रोम लुटलं ते इ.स.पू. 390 की 387? पुस्तकं दोन्ही देतात आणि छपाईची चूक कुठेच नसते. 390 हे वॅरोचं. ग्रीक घटनांशी ताळा घातला की 387 च्या आसपास येतं. वॅरोच्या यादीत कॉन्सल (दरवर्षी निवडले जाणारे दोन प्रमुख) नसलेली, नुसत्या डिक्टेटरच्या (आणीबाणीतला सर्वाधिकारी) नावावरची चार वर्षं आहेत. ती मागाहून घुसडलेली मानतात. एकच पद्धत धरा, लेखाच्या मध्यात बदलू नका.

परंपरेतले रोमचे सात राजे काल्पनिक म्हणून उडवून लावणं ही उलट्या टोकाची चूक. 753 ते 509 या 244 वर्षांत सातच राजे, म्हणजे सरासरी 35 वर्षं, आणि शेवटच्या तिघांपैकी दोघांचा खून, एक हद्दपार! यादी संशयास्पदच. पण फोरममधल्या (रोमचा जुना मुख्य चौक) काळ्या फरशीखालच्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या शिलालेखात राजाचा उल्लेख आहे. राजेशाही होती, नावं आणि वर्षं जपून वापरा.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनबाहेरच्या, राजा सर्व्हियस टुलियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'सर्व्हियन' तटाच्या फोटोखाली 'इ.स.पू. सहावं शतक' लिहू नका. त्याचा पिवळसर तुफा (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला) दगड वेई शहराच्या मुलखातल्या खाणींचा, आणि वेई रोमच्या हाती पडलं 396 मध्ये. तट चौथ्या शतकातला. सहाव्या शतकाचा मुद्दा मांडायचाच तर काही ठिकाणी आढळणाऱ्या कॅपेलाच्चो या ठिसूळ स्थानिक दगडाच्या बांधकामावरून मांडा.

रोमच्या प्रसिद्ध कांस्य लांडगीच्या पुतळ्यातली जुळी बाळं (दंतकथेतले रोम्युलस आणि रेमस) इसवी सनाच्या पंधराव्या शतकातली भर आहे.

रोमच्या विस्ताराबद्दल 'लॅटियम (रोमभोवतालचा प्रदेश) जिंकलं' एवढ्यावर थांबू नका. इ.स.पू. 338 मध्ये काही गावांना पूर्ण नागरिकत्व मिळालं, काहींना मताधिकाराविना, उरलेले दोस्त राहिले. या दोस्तांकडून रोम खंडणी घेत नसे, सैनिक मागत असे.