सुक्या कचऱ्यातलं सगळंच विकलं जात नाही: या चुका टाळा

कचरा सुका आहे म्हणजे त्यापासून नवं काहीतरी बनतंच, असं धरून चालू नका. मुंबईत खरी निवड होते ती भंगारवाल्याच्या काट्यावर आणि धारावीच्या गाळ्यांत. तिथे ज्याला गिऱ्हाईक नाही, ते बहुतेक कांजूरमार्गच्या डंपिंगवरच जातं.

सगळ्यात जास्त फसवतं ते वेफर्सचं पाकीट. आतली चंदेरी चमक म्हणजे प्लास्टिकच्या थरांवर दिलेला ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा. हे थर सुटे करणं कुणालाच परवडत नाही. मुठीत चुरगळून सोडा. पुन्हा उलगडलं तर ते फॉइल नव्हे. शाम्पूचे सॅशे, कॉफीच्या पुड्याही त्याच जातीच्या. ही पाकिटं धुऊन काही साधत नाही, घरात कमी आणणं हाच उपाय. फरसाणाला घरचा डबा न्या. आधी रिकामा डबा तोलून घ्या, नाहीतर स्टीलचेही पैसे मोजाल.

दुधाची पिशवी मात्र विकली जाते, पण तिथेही चूक होते: कोपरा कापून टाकला की तो चिमुकला तुकडा कुणी वेचत नाही, गटारात जातो. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. दोन-तीन चमचे पाण्याने विसळा (ते पाणी चहाच्या आधणात), उलटी टांगून वाळवा. न धुतलेली एक पिशवी आंबली की अख्ख्या गठ्ठ्याला वास लागतो.

दुकानाचं गुळगुळीत बिल नखाने खरवडा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद, रद्दीत नको. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तोही नको. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडा, कोरडं झाकण रद्दीत द्या. आणि जुलैत रद्दी बाल्कनीत ठेवू नका. ओल्या पुठ्ठ्याला भाव नाही.

ओव्हनमधलं काचेचं भांडं बाटल्यांत मिसळू नका. ती काच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे भट्टीत न विरघळलेल्या गाठी राहतात. आरसा, चिनीमातीचे कपही वेगळेच. फुटलेलं काहीही जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहा, कारण ती पिशवी कुणीतरी हाताने उचलतं.

सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो; न फोडता ई-कचऱ्यात द्या.