सोलापुरात बसून समुद्राचा ईडीएनए: एक ब्लँक घेतला नाही आणि वर्ष गेलं

ईडीएनए म्हणजे मासे पाण्यात सोडून जातात तो डीएनए; पाणी गाळून तो वाचला की तिथं कुठले मासे आहेत ते कळतं. माझ्या पहिल्या डेटात, कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी भरलेल्या पाण्यात, बांगडा निघाला, तारली निघाली, मांदेली निघाली, आणि त्यांच्याच रांगेत रोहू, कटला आणि चिलापी. मी तर खूश झाले, म्हटलं नदीतून वाहत आलेला डीएनएपण आपण पकडला, दोन दिवस त्याच आनंदात होते. तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका सिनियर ताईनं एवढंच विचारलं, "फील्ड ब्लँकमध्ये काय आलंय गं?" फील्ड ब्लँक, म्हणजे समुद्राच्या पाण्याऐवजी स्वच्छ पाणी अगदी तसंच गाळून ठेवलेला नमुना, मी घेतलाच नव्हता.

हे लिहितेय ते सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या पोरापोरींसाठी, ज्यांची एमएस्सी झालीय, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) येतो आणि आता समुद्रावर काम करायचंय. "सोलापुरात कुठला आला समुद्र" हे घरीपण ऐकाल आणि डिपार्टमेंटमध्येपण, मी अजून ऐकते. रत्नागिरी आपल्यापासून तीनशेच्या वर किलोमीटर, एक रात्रीचा प्रवास. ह्या कामात समुद्राकाठी राहावं लागत नाही, पाणी गाळून फिल्टर नीट जपून आणला की पुढचं सगळं लॅबमध्ये आणि कॉम्प्युटरवर. त्यामुळं घाबरू नका, आपल्यालाही जमतं.

तर ते रोहू-कटला आले कुठून. फील्डला जायच्या आधी हात बसावा म्हणून मी दहा दिवस उजनी धरणाचं पाणी आणून गाळत होते. तोच फिल्टर होल्डर, तोच चिमटा, तीच नळी. रोज काम झालं की सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसायचे, होल्डर ऑटोक्लेव्ह करायचे, मला वाटायचं झालं स्वच्छ. मायक्रोबायॉलॉजीत आपल्याला हेच शिकवतात आणि जिवाणू मारायला ते बरोबरच आहे. पण इथं मारायचं काहीच नसतं, इथं डीएनए नष्ट करायचा असतो. अल्कोहोलनं डीएनए तुटत नाही, उलट डीएनए साठवायला आपण अल्कोहोलच वापरतो ना! ऑटोक्लेव्हनं तुकडे होतात, पण मायफिश प्रायमर (पीसीआरमध्ये माशांचाच डीएनए शोधून धरणारा छोटा तुकडा) उचलतो तो १२एस या जीनचा तुकडाच जेमतेम १७० बेसचा, तेवढे छोटे तुकडे शिल्लक राहू शकतात. आणि पीसीआर म्हणजे प्रत्येक सायकलला दुप्पट, ३५ सायकलमध्ये एका तुकड्याचे कागदावर ३,४०० कोटींच्या वर होतात. नळीत राहिलेला उजनीचा एक थेंब मी तीनशे किलोमीटर नेऊन समुद्राच्या नावावर लावला.

आता कुणी म्हणेल, मग रोहू-कटला काढून टाका आणि बाकीचं वापरा. मीपण तेच म्हटलं. पण चिलापी खाऱ्या पाण्यातही तग धरते, खाडीत ती खरोखर असू शकते, मग ती ठेवू की काढू? आणि बांगडा कशावरून समुद्रातलाच, आदल्या रात्री खानावळीत मी बांगड्याचीच थाळी खाल्ली होती, त्याच हातांनी सकाळी बाटल्या उघडल्या. एकदा संशय आला की एकाही नावाची खात्री देता येत नाही. अख्खा डेटा टाकून दिला, सिक्वेन्सिंगचे पैसे गेले ते गेले, वर्ष गेलं. त्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर किती वेळ बसून होते आठवत नाही.

म्हणून ब्लँक. घरून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर न्यायचं, बोटीवर सॅम्पलच्या बाटल्यांसारखीच बाटली उघडायची, तसंच गाळायचं, तसाच फिल्टर ठेवायचा, अगदी सिक्वेन्सिंगपर्यंत न्यायचं. दर दिवशी एक, आणि तो समुद्राच्या पाण्याच्या आधी गाळायचा. एक्स्ट्रॅक्शनचा (फिल्टरमधून डीएनए काढण्याचा) ब्लँक वेगळा, पीसीआरचा वेगळा, म्हणजे घाण कुठल्या पायरीला शिरली ते कळतं. गाईड म्हणतील सिक्वेन्सिंग महाग आहे, ब्लँक जेलवर बघून सोडून दे. सोडू नका, एक स्टेशन (पाणी घ्यायची जागा) कमी करा. जेलवर बँड दिसला नाही म्हणजे डीएनए नाहीच असं नसतं.

सामान धुवायला घरगुती ब्लीच, एकाला नऊ पाणी, दहा मिनिटं बुडवून, मग डिस्टिल्ड वॉटरनं भरपूर खळबळून, कारण राहिलेलं ब्लीच तुमच्या सॅम्पलचाही डीएनए खातं. एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा, एक्स्ट्रॅक्शन किटच्या ज्या बफरमध्ये ग्वानिडीन असतं त्याच्यावर ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू होतो. जमलं तर स्टेरिव्हेक्ससारखा बंद फिल्टर घ्या, महाग पडतो पण उघडं काही राहत नाही. आणि फील्डला आता मी कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधून नेते, सॅम्पल पॅक होईपर्यंत मासा नाही.

बर्फाचंपण सांगते, हे कुणी सांगत नाही. जेट्टीवर बर्फ सहज मिळतो, पण तो मासे भरायचा बर्फ, त्याच टोपल्या, तेच फावडं. वितळला की थर्माकोलच्या डब्यात माशांच्या डीएनएचं पाणी साचतं आणि तुमच्या फिल्टरच्या ट्यूब त्यात तरंगत असतात. घरूनच बाटल्यांत पाणी गोठवून न्या.

बाकी अडचणी तुमच्या तुम्हाला सुटतील. गढूळ पाण्यात ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लिटरच्या आत तुंबतो, मग दोन-तीन फिल्टर वापरायचे. पीसीआर चाललाच नाही तर डीएनए दहापट पातळ करून बघायचा, बरेचदा चालतो. मुशी-पाकट (शार्क आणि रे) हवे असतील तर मायफिशचा ई प्रायमर वेगळा आहे, नेहमीच्या यू वर विसंबू नका.

शॉर्टकटबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पाणी पाठवा, प्रजातींची यादी घ्या, असा रेडीमेड रिपोर्ट विकत घेऊन थिसिस करू नका. डेटाबेसमध्ये आपल्याकडच्या माशाचा सिक्वेन्सच नसेल तर प्रोग्रॅम त्याचा जवळचा नातेवाईक दाखवतो, मग अरबी समुद्रात कधी न दिसलेला मासा तुमच्या यादीत येतो आणि व्हायव्हात तोंड उघडता येत नाही. मासा ओळखायला शिका. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते लिलावातल्या एका कोळीण मावशींनी, तारली आणि तिच्यासारखे दिसणारे तीन-चार मासे ओळीनं मांडून पोट, कल्ले, खवले बोटानं दाखवले, तेपण गिऱ्हाईक सांभाळत. गाईड निवडताना मोठं नाव बघू नका, पहिल्याच भेटीत कंट्रोल (म्हणजे हे ब्लँक) किती घेणार असं विचारणारा बघा.

दुसऱ्या फेरीला मी नवीन होल्डर घेतला, तो उजनीला दाखवलासुद्धा नाही. तीन दिवस, रोज पहाटे ब्लँक आधी. रिझल्टची फाईल उघडली तेव्हा हात थरथरत होते, पहिली ब्लँकचीच ओळ शोधली. तिन्ही दिवसांच्या ब्लँकमध्ये एकही मासा नव्हता. खाली सॅम्पलमध्ये बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. रोहू नाही, कटला नाही. आणि खाडीच्या सगळ्यात आतल्या स्टेशनवर, तिन्ही रेप्लिकेटमध्ये (पुन्हापुन्हा केलेल्या तपासण्यांत), चिलापी. मावशींना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "हां, ती असते की आत, पोरं गळाला लावतात."