थंडीच्या तोंडावरची बाग: ओसरत्या बहराचा आनंद कसा घ्यावा

दसऱ्याचे तोरण उतरले की घरच्या बागेकडचे लक्ष हळूहळू कमी होते. तेरडा पिवळा पडून आडवा झालेला असतो, झेंडूची खालची पाने करपू लागतात, पाऊस थांबल्याने आळी कोरडी पडतात आणि आता बाग संपलीच, असे समजून पाणी घालण्यातही ढिलाई होते. प्रत्यक्षात देशावरच्या बागेतला सर्वांत सुंदर काळ याच सुमारास सुरू होतो. दिवाळीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत पारिजातक, झेंडू आणि गुलबक्षी यांचा बहर ओसरत असतो, तर शेवंती आणि कोरांटी यांचा चढत असतो. पावसाचा मारा थांबलेला असतो, उन्हाचा चटका उतरलेला असतो आणि त्यामुळे उमललेले फूल पावसाळ्यापेक्षा अधिक दिवस टिकते. या दोन महिन्यांचे सुख पुरेपूर घ्यायचे असेल, तर प्रत्येक फुलाची वेळ ओळखून त्या वेळी बागेत हजर राहावे आणि फुले तोडताना हात आखडता घेऊ नये. पुढील सूचना पुणे, सातारा, नाशिक या बाजूंची अंगणे, गच्च्या आणि कुंड्या डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. कोकणात थंडी उशिरा आणि सौम्य येते, म्हणून तेथील वाचकांनी हे वेळापत्रक थोडे पुढे ढकलावे.

पारिजातकापासून सुरुवात करू, कारण त्याचे दिवस सर्वांत आधी सरतात. हे फूल सांजावल्यावर उमलते आणि उजाडता उजाडता गळते, म्हणून त्याचा गंध घ्यायचा असेल तर रात्रीचे जेवण झाल्यावर झाडाखाली जावे. सकाळी उशिरा आलेल्याला केवळ कोमेजलेली फुले मिळतात. ओसरत्या बहरात फुले कमी पडतात आणि दवाने ओल्या झालेल्या मातीत माखतात, त्यामुळे निजण्यापूर्वी झाडाखाली एखादी जुनी, धुतलेली सुती चादर अंथरून ठेवावी आणि सूर्य वर येण्यापूर्वी ती चारी कोपरे धरून उचलावी. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहत नाहीत, या रूढीला पारिजातकाचा अपवाद आहे, तेव्हा पूजेसाठीही ही फुले निःशंकपणे घेता येतात. उरलेली फुले पसरट भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवली तर सकाळचा काही वेळ ताजी राहतात. त्यानंतर त्यांचे केशरी देठ पाकळ्यांपासून वेगळे करून सावलीत वाळवावेत. देठ चिमटीत चुरडला की बोटावर पिवळसर केशरी डाग उमटतो. हाच रंग गरम पाण्यात उतरतो आणि पूर्वी रेशमी वस्त्रे रंगवण्यासाठी त्याचा वापर होत असे. हा रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून रंगवलेला रुमाल किंवा ओढणी सावलीतच वाळवावी. या दिवसांत पारिजातकाची छाटणी मात्र करू नये. त्याची चपटी फळे तपकिरी होऊन बिया हाती लागेपर्यंत थांबावे आणि थंडी सरल्यावर कात्री हाती घ्यावी.

झेंडूच्या बाबतीत आपण अकारण घाई करतो. सणाची फुले तोडून झाली की रोपे उपटून टाकण्याची पद्धत आहे, परंतु निरोगी रोपाला नीट छाटले तर बाजूच्या फांद्या फुटून काही आठवड्यांत पुन्हा कळ्या धरतात. त्यासाठी सुकलेल्या फुलाची केवळ मान मोडू नये, तर खाली जोमदार पानांची पहिली जोडी जिथे असेल, त्याच्या वरपर्यंतचा दांडा कापावा. फूल बी धरू लागले की रोपाची ताकद बियांत जाते आणि नव्या कळ्या कमी येतात, हे यामागचे कारण आहे. करपलेली खालची पाने काढून टाकावीत, बुंध्याशी मूठभर गांडूळखत मिसळावे आणि पाणी सकाळी, मुळाशीच द्यावे. मोठ्या झेंडूच्या दाट पाकळ्यांत आधीच दव साचलेले असते. त्यावर आणखी पाणी पडले की फूल आतून कुजते आणि ते हात लावेपर्यंत कळतही नाही. कोरड्या हवेत पानांच्या मागे बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आहे असे समजावे, जास्त बिघडलेल्या फांद्या काढून टाकाव्यात आणि उरलेली पाने खालच्या बाजूने पाण्याने धुवावीत. जागा थोडी असेल तर बुटका मखमली झेंडू राखावा, कारण त्याच्या लहान फुलांत पाणी साचत नाही आणि तो मोठ्या झेंडूपेक्षा अधिक काळ तग धरतो.

या काळातली खरी मानकरी शेवंती आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस १३ तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तो ११ तासांवर येतो. या फरकाची जाणीव शेवंतीला पानांवाटे होते. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते, ही गोष्ट गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडली, आणि आज शेवंतीचे व्यापारी उत्पादन याच ज्ञानावर चालते. घरच्या बागेसाठी या गोष्टीचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. शेवंतीची कुंडी रात्रभर जळणाऱ्या पोर्चच्या दिव्याखाली किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात असेल, तर झाड हिरवेगार राहते पण कळ्या उशिरा येतात किंवा येतच नाहीत. खत वाढवून काही साधत नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी, आणि ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास तिच्यावर गडद कापड घालून सकाळी काढावे. कळ्या नीट रंग दाखवू लागल्या की झाकण्याची गरज उरत नाही.

कळ्यांच्या भाराने फांद्या वाकतात, म्हणून फुले उमलण्यापूर्वीच बांबूच्या काड्या रोवून त्यांना सुती दोऱ्याने सैल बांधावे. मोठे एकच फूल हवे असेल तर फांदीवरच्या बाजूच्या कळ्या खुडतात, परंतु घरी देवासाठी आणि फुलदाणीसाठी शेवंती लावणाऱ्यांनी असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रदर्शनात एक टपोरे फूल शोभते, घरात मात्र झुपक्याचीच शोभा अधिक. कळ्यांच्या खालच्या कोवळ्या देठांवर काळा मावा दाटतो. सुरुवातीला तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. तेवढ्याने भागले नाही तर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे, मात्र उमललेल्या फुलांवर ते पडू देऊ नये.

शेवंतीचे फूल जवळून न्याहाळण्यासारखे असते. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असंख्य लहान फुलांचा गेंद असतो, आणि ती बाहेरच्या ओळीपासून आत, ओळीओळीने कित्येक दिवस उमलत जातात. बाहेरच्या पाकळ्या पूर्ण पसरल्या आहेत पण मधला भाग अजून घट्ट आणि हिरवट आहे, ही तोडण्याची योग्य वेळ होय. दांडा खालच्या लाकडासारख्या कडक भागातून न कापता थोडा वरून, तिरका कापावा, पाण्यात बुडणारी सर्व पाने काढावीत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. इतके केले तरी शेवंती फुलदाणीत आठवडाभर सहज टिकते, आणि थंडी चांगली पडली असेल तर त्याहूनही अधिक. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात शेवंतीचे भाव चढलेले असतात. त्या दिवशी घटाला घरच्या झाडाची फुले वाहता येणे, हे वर्षभर केलेल्या निगराणीचे समाधानकारक फळ आहे.

गुलबक्षीची वेळ संध्याकाळची आहे. ती साधारण चारच्या सुमारास उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते, त्यामुळे सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्यांना तिच्यासारखी सोबत दुसऱ्या फुलाची नाही. नळीसारख्या लांब देठांमुळे ही फुले सुई-दोऱ्याशिवाय एकमेकांत गुंफून वेणी करता येते, आणि लहान मुलांना हे अवश्य शिकवावे. तिच्या काळ्या, मिऱ्याएवढ्या बिया आणि मुळे मात्र विषारी असतात, म्हणून मुले खेळत असतील तेथे बिया वेळच्या वेळी वेचाव्यात. थंडीत झाड वाळले तरी जमिनीतला कंद जिवंत असतो. वाळलेला भाग कापून ती जागा तशीच राखावी.

कोरांटीला फारशी निगा लागत नाही आणि तिला गंधही नसतो, म्हणून बरेच जण तिला कुंपणाला लावून विसरून जातात. पिवळ्या कोरांटीला काटे असतात. पांढऱ्या आणि जांभळ्या कोरांटीला ते नसतात, त्यामुळे रोज फुले खुडायची असतील तर त्या अधिक सोयीच्या. आठवड्यातून एक-दोनदा पाणी दिले तरी ती फुलत राहते, आणि इतर फुले कमी पडू लागतात तेव्हा देवघरातली परडी तीच भरते.

फुले कोणतीही असोत, ती उन्हे अंगावर येण्यापूर्वी तोडावीत, कारण रात्रभरात दांड्यांत पाणी भरलेले असते. गुलबक्षी तेवढी अपवाद. तोडण्यासाठी धारदार कात्री वापरावी आणि सोबत पाण्याची लहान बादली न्यावी, म्हणजे कापलेला दांडा हवेत कोरडा पडत नाही. झेंडू फुलदाणीत ठेवायचा असेल तर त्याची पाने अगदी वरपर्यंत काढावीत, अन्यथा एका दिवसात पाण्याला घाण वास येतो. मात्र झाड पूर्ण ओरबाडू नये. ज्या फुलांचा रंग उतरू लागला आहे ती काही मधमाश्यांसाठी आणि फुलपाखरांसाठी राहू द्यावीत. नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात झेंडूवर बसलेले फुलपाखरू पाहण्यासाठी चार फुले कमी तोडली तर काही बिघडत नाही.

डिसेंबरमध्ये निफाडच्या पट्ट्यात पारा काही रात्री १० अंशांच्याही खाली उतरतो. तेथे संध्याकाळी पाणी घालणे बंद करावे आणि कुंड्या भिंतीच्या आडोशाला, पूर्वेचे ऊन मिळेल अशा जागी हलवाव्यात. इतरत्रही आता पाणी ठरलेल्या दिवशी न घालता, मातीत बोट घालून पाहून, दोन पेरे कोरडे लागले तरच द्यावे.

बहर संपताना पुढच्या वर्षाची तयारी करावी. झेंडूचे बी निरोगी आणि भरपूर फुललेल्या रोपांवरूनच धरावे. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यावे, देठाकडचा हिरवा भाग तपकिरी झाला की ते काढून आतल्या काळ्या, बारीक काड्यांसारख्या बिया सावलीत सुकवाव्यात आणि रंगाचे नाव लिहून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. संकरित वाणाच्या बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही, हे ध्यानात असू द्यावे. शेवंती फुलून गेली की जमिनीपासून वीतभर राखून छाटावी. बुंध्याशी मातीतून नवे कोंब येतात, त्यांना काश्या म्हणतात. फेब्रुवारीत या काश्या मुळांसकट वेगळ्या करून कुंड्यांत लावाव्यात, उन्हाळाभर दुपारच्या उन्हापासून जपाव्यात आणि पाऊस स्थिरावल्यावर वाफ्यात हलवाव्यात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते भरगच्च होते. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र शेंड्याला हात लावू नये, कारण त्यानंतर रात्री अधिकाधिक मोठ्या होत जातात आणि त्याच शेंड्यांवर कार्तिक-मार्गशीर्षातल्या कळ्या येणार असतात.