सशाचा ट्रे वाचायला शिकताना

ससा आणल्यावर पहिले सहा महिने मी त्याचे कान बघायचे, डोळे बघायचे, नखं कापायचे. लेंड्यांचा ट्रे मात्र नाक मुरडून भराभर रिकामा करायचे. चूक तिथेच झाली.

फेब्रुवारी होता. दिरांनी पिंपळगावहून द्राक्षांचा क्रेट पाठवला होता आणि घरातला जो तो येता-जाता फुटाण्याला, म्हणजे आमच्या सशाला, एखादा मणी भरवत होता. संध्याकाळी त्याने कोथिंबिरीकडे तोंड फिरवलं. एरवी हा प्राणी जुडी पिशवीतून बाहेर यायच्या आत ओढतो! कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, पोट जमिनीला दाबलेलं, मधूनच दातांची करकर.

"अगं, पोट भरलंय त्याचं. सकाळी खाईल," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचं होतं. पण ट्रे पाहिला आणि धस्स झालं. रोज वाटाण्याएवढ्या असणाऱ्या लेंड्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कोरड्या झाल्या होत्या. दोन-तीन तर केसात ओवल्यासारख्या. दुपारनंतर एकही नव्हती.

एका दवाखान्याने फोनवर "सकाळी या" म्हणून सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री दहाला दार उघडलं. थर्मामीटर 99 वर थांबला आणि मला हायसं वाटलं. डॉक्टरांना नाही, कारण सशाचं नेहमीचं तापमान 101 ते 104 फॅरनहाइट असतं. म्हणजे त्याचं अंग गार पडत होतं. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढून कुठे अडथळा नाही ना ते पाहिलं. मग ऊब, कातडीखाली सलाईन, वेदनाशामक आणि त्यानंतर आतड्याचं औषध.

सशाला ओकता येत नाही. गवतातला चोथा त्याचं आतडं हलतं ठेवतो. चोथा कमी आणि साखर जास्त झाली की आतड्यातले जिवाणू बिघडतात, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. म्हणून दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट बघू नका. ससे बघणारे डॉक्टर कोण, हे आधीच दिवसाउजेडी विचारून ठेवा. बरेच जण फक्त कुत्री-मांजरी बघतात.

पुढचे तीन दिवस दर तीन-चार तासांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) पेज, सुई काढलेल्या सिरिंजने. गालाच्या बाजूने, थेंबथेंब, नाहीतर फुफ्फुसात जाते. पोट ढोलासारखं ताणलेलं असेल तर मात्र काहीही भरवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. मधे केमिस्टने मुलांचं अमॉक्सिसिलिन सिरप पुढे केलं होतं. सशाच्या तोंडावाटे ते गेलं तर आतड्यातले चांगले जिवाणूच मारतं आणि जिवावर बेतू शकतं.

उलट एका गोष्टीला मी उगाच घाबरले होते. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी चिकटलेली विष्ठा म्हणजे जुलाब नव्हे. ती तो स्वतःच खातो, खायलाच हवी. ती पडून राहायला लागली तर पेलेट आणि फळं कमी करा. खरे पातळ जुलाब, त्यातून पिल्लाला, म्हणजे लगेच पळायचं.

खाण्यात मुख्य काय, तर सुकं गवत, दिवसभर, हवं तेवढं. लसूणघास आपल्याकडे सहज मिळतो. वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्याला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. मखमलाबादकडे द्राक्षबागेच्या बांधावरचं फुकटचं गवत मी एकदाच आणलं होतं. फवारणीचा पंप दिसला तशी पेंढी तिथेच टाकून आले. आणि पोटाचं दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर दाढा तपासून घ्या. त्या आयुष्यभर वाढतात, टोचायला लागल्या की ससा खाणं सोडतो.

परवा सासूबाईंचा ऑफिसात फोन आला, "आज लेंड्या बारीक दिसतायत गं." धावत घरी आले. लेंड्या नेहमीच्याच होत्या, चष्मा देवघरात राहिला होता.